आशा सेविकांवरचा ताण: कोविडमध्ये काम वाढलं, मग नोकरी पक्की का झाली नाही?

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हा बहुतेकांना घरात बसायला सांगितलं गेलं. त्याच वेळी गावोगावच्या आशा सेविकांना रोज घराबाहेर पडून दारोदार जायला सांगितलं गेलं. मुंबई-पुण्याहून कोण परतलं, कुणाला ताप आहे, कुणाच्या घरात गरोदर बाई किंवा मधुमेहाचा रुग्ण आहे, ही सगळी माहिती त्यांच्या वहीतून वर जात होती. महाराष्ट्रात अशा सुमारे ७० हजार आणि देशात सुमारे १० लाख महिला आहेत.

साथीत त्यांचं काम कित्येक पटींनी वाढलं. पण सरकारच्या कागदावर त्या तेव्हाही 'कर्मचारी' नव्हत्या आणि आजही नाहीत. आजारी पडल्या तर पगारी रजा नाही, महिन्याला किती पैसे येतील याची खात्री नाही, आणि काम नाकारायचं तर तसा अधिकारही नाही. कोविडमध्ये त्यांच्यावर आलेल्या ताणाचं मूळ या व्यवस्थेत आहे. ती समजून घेतली की केवळ टाळ्या, सत्कार किंवा समुपदेशन का पुरे पडत नाही, हे कळतं.

आशा म्हणजे नेमकं कोण?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं. त्यात साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायची, असं ठरलं. डोंगराळ आणि आदिवासी भागात वस्ती लहान असेल तर हे प्रमाण बदलतं. ती त्याच गावची रहिवासी हवी. विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता महिलांना प्राधान्य, वय २५ ते ४५, थोडंफार शिक्षण, अशा अटी होत्या. गाव आणि सरकारी आरोग्य यंत्रणा यांच्यातला दुवा म्हणून तिने काम करावं, ही कल्पना होती.

तिच्या वर गटप्रवर्तक असते. साधारण वीस-पंचवीस आशांच्या कामावर ती देखरेख ठेवते, त्यांचे अहवाल गोळा करते. उपकेंद्रातली आरोग्यसेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांच्या सूचनेनुसार आशांचं काम चालतं. म्हणजे हुकूम देणारे नियमित पगारी कर्मचारी आणि तो पाळणारी 'स्वयंसेविका', अशी ही रचना आहे.

योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांमध्ये आशा ही मानद स्वयंसेविका असेल आणि तिला पगार मिळणार नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं. तिच्या नेहमीच्या उपजीविकेत अडथळा येणार नाही, अशी तिच्या कामाची आखणी असावी, हेही त्यात होतं. आठवड्यातून चार दिवस, रोज दोन-तीन तास एवढंच काम अपेक्षित होतं. शेतावर किंवा मजुरीला जाऊन उरलेल्या वेळात करता येईल असं हे काम, असा त्यामागचा हिशेब होता.

तिला पैसे कसे मिळतात?

आशाच्या कमाईचा मोठा भाग कामावर आधारित मोबदल्याचा असतो. एकेका कामाला एकेक दर ठरलेला असतो. काही उदाहरणं पाहिली तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं. ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेत पात्र असलेल्या महिलेची प्रसूतीपूर्व काळजी आणि दवाखान्यातली प्रसूती, या दोन्हींसाठी मिळून ६०० रुपये. नवजात बाळाच्या घरी ४२व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी भेटी दिल्या तर २५० रुपये. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं तर १०० रुपये.

यातला महत्त्वाचा शब्द आहे 'पूर्ण झालं तर'. आशाने नऊ महिने पाठपुरावा केला आणि ती महिला बाळंतपणाला माहेरी गेली, तर प्रसूतीचा मोबदला हातचा जाऊ शकतो. मेहनत केली तरी पैसे निकालावर ठरतात आणि तो निकाल अनेकदा तिच्या हातात नसतो.

याखेरीज बैठका, गावातल्या नोंदी, सर्वेक्षण अशा नेहमीच्या कामांसाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ही रक्कम १,००० वरून २,००० रुपये केली. राज्य सरकारं त्यात आपापली भर घालतात. त्यामुळे एका राज्यातली आशा आणि शेजारच्या राज्यातली आशा यांच्या हातात पडणारी रक्कम वेगवेगळी असते.

साथ आल्यावर काय बदललं?

साथीने या व्यवस्थेला दोन्ही बाजूंनी धक्का दिला. काम वाढलं, पण ज्या कामांवर मोबदला ठरलेला होता, तीच कामं विस्कळीत झाली.

टाळेबंदीच्या सुरुवातीला अनेक ठिकाणी गावपातळीवरची लसीकरण सत्रं अडखळली. कुटुंब नियोजनाच्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. वाहनं बंद असल्याने गरोदर महिलांना दवाखान्यात नेणं अवघड झालं. जिथे ही कामं थांबली, तिथे त्यांच्यावरचा मोबदलाही थांबला.

दुसरीकडे नवी कामं येत गेली. बाहेरगावाहून आलेल्यांची यादी करायची, त्यांच्या गृहविलगीकरणावर लक्ष ठेवायचं, ताप-खोकल्याच्या रुग्णांची नोंद करायची, तपासणीला जायला लोकांना तयार करायचं. महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. तिच्यात पथकांनी घरोघरी जाऊन प्रत्येकाचं तापमान आणि रक्तातली ऑक्सिजनची पातळी मोजायची होती. एका पथकाने दिवसाला सुमारे ५० घरं करावीत, असं नियोजन होतं. अनेक गावांत या पथकांचा कणा आशाच होत्या. पुढे २०२१ मध्ये कोविड लसीकरण सुरू झालं, तेव्हा लोकांच्या मनातली भीती काढणं आणि त्यांना केंद्रापर्यंत आणणं हेही काम त्यांच्याकडेच आलं.

दोन-तीन तासांचं काम दिवसभराचं झालं. शेतमजुरी, शिवणकाम किंवा छोटं दुकान असा जो जोडधंदा गृहीत धरून योजना आखली होती, त्याला वेळ उरला नाही. कोविडच्या कामासाठी केंद्राने जानेवारी २०२० पासून दरमहा १,००० रुपयांचा जादा मोबदला जाहीर केला. दिवसाला वाटून पाहिलं तर ते साधारण ३३ रुपये होतात.

नोकरी जाणार नव्हती, मग असुरक्षितता कसली?

'नोकरीची असुरक्षितता' म्हटलं की डोळ्यांसमोर कामावरून काढल्याची नोटीस येते. साथीत कारखाने, हॉटेलं, दुकानं यांतल्या लाखो लोकांवर ती वेळ आली. आशांच्या बाबतीत मात्र उलट चित्र होतं. त्यांची गरज एवढी होती की काम संपण्याचा प्रश्नच नव्हता.

पण संशोधकांनी या शब्दाचा अर्थ बराच व्यापक मानला आहे. लिओनार्ड ग्रीनहाल्घ आणि झेहावा रोझेनब्लॅट या अभ्यासकांनी १९८४ मध्ये मांडलेली व्याख्या आजही वापरली जाते. त्यांच्या मते, धोक्यात आलेल्या कामाचं सातत्य टिकवण्यासाठी आपण काहीच करू शकत नाही, ही भावना म्हणजे नोकरीची असुरक्षितता. यात काम जाण्याची भीती येतेच. पण कामातल्या ज्या गोष्टी माणसाला मोलाच्या वाटतात, म्हणजे उत्पन्न, प्रतिष्ठा, कामाचं स्वरूप, त्या जाण्याची भीतीही येते. या सगळ्यात 'आपल्या हातात काही नाही' हा भाग सर्वात जास्त पोखरतो.

आशांना ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. या महिन्यात किती रुपये येतील हे माहीत नाही. आलेली रक्कम कोणत्या कामाची, हे बऱ्याचदा स्पष्ट नसतं. मोबदला दोन-तीन महिने उशिरा येणं ही जुनीच तक्रार आहे. कोविड झाला तर चौदा दिवस घरी बसावं लागणार आणि त्या काळात कामावर आधारित मोबदला बुडणार. नियमित कर्मचाऱ्याला आजारपणाची रजा असते. स्वयंसेविकेला रजा नसते, कारण कागदोपत्री ती नोकरीतच नसते.

काम नाकारण्याचा मार्गही तिला खुला नव्हता. कोविडचं सर्वेक्षण नको म्हटलं तर आशा म्हणून असलेली नेमणूकच जाईल, ही धास्ती होती. सक्ती कर्मचाऱ्याची आणि सवलती स्वयंसेविकेच्या, असा तो विचित्र मेळ होता.

ताण नेमका कुठून तयार होतो?

कामाच्या ताणाबद्दल दोन सिद्धान्त जगभर वापरले जातात. दोन्हींच्या आधारे आशांची स्थिती समजून घेता येते.

पहिला सिद्धान्त अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडला. त्यांचं म्हणणं असं की, काम जास्त असणं एवढ्याने माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसं, कधी, किती करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, अशी जोडी जमली की ताण वाढतो. मोठ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरवर कामाचा भार प्रचंड असतो, पण निर्णय त्याच्या हातात असतात. आशांकडे कोणतं सर्वेक्षण, किती घरं, कोणता तक्ता हे सगळं वरून ठरून येत होतं. सकाळी व्हॉट्सॲपवर आलेली सूचना संध्याकाळपर्यंत पूर्ण करायची आणि त्याच दिवशी दुसरा तक्ता भरून पाठवायचा, असं काम चालत होतं.

दुसरा सिद्धान्त योहानेस सीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाचा आहे. १९९६ मध्ये त्यांनी कष्ट आणि परतावा यांच्या असमतोलावर बोट ठेवलं. माणूस कामात जेवढं ओततो, त्या मानाने परतावा मिळाला नाही तर दीर्घकाळ ताण राहतो आणि त्याचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचू शकतो. त्यांच्या मते परतावा तीन रूपांत मिळतो: पैसा, मान, आणि नोकरीची शाश्वती किंवा बढतीची संधी.

आशांना यातलं काय मिळालं? पैसा थोडा आणि अनियमित. मान मिळाला, पण बराचसा भाषणांत. शाश्वती मात्र मिळालीच नाही, आणि बढतीची शिडी जवळपास गटप्रवर्तकाच्या पायरीवर संपते. तीनपैकी एकही बाजू भक्कम नसताना कष्टांची बाजू मात्र साथीत अचानक दुप्पट झाली.

गावातच राहणं हा ताण का ठरला?

आशाची खरी ताकद म्हणजे ती गावचीच असते. 'आशाताई' म्हणून तिला घराघरांत प्रवेश असतो. बाळंतपण, लसीकरण अशा कामांत हे नातं उपयोगी पडतं, कारण ती मदत घेऊन येते.

कोविडमध्ये तिची भूमिका बदलली. कुणाच्या घरी पाहुणा आला, कुणाला ताप आहे, हे तिला वर कळवावं लागत होतं. ती नोंद गेली की त्या घराला विलगीकरण केंद्रात जावं लागे किंवा गावात बोभाटा होई. त्यामुळे 'तुझ्यामुळे आमच्या घरावर ही वेळ आली' असा राग तिच्यावर निघत होता. काही ठिकाणी शिवीगाळ झाली, अंगावर धावून जाण्याचे प्रकारही घडले.

जिल्ह्याच्या गावाहून आलेला अधिकारी संध्याकाळी परत जातो. आशाला त्याच गल्लीत राहायचं असतं, त्याच विहिरीवर किंवा नळावर पाणी भरायचं असतं. साथ ओसरल्यावर पुन्हा त्याच घरी बाळाचं वजन करायला जायचं असतं. शिवाय दिवसभर शंभर जणांच्या दारात जाऊन आलेली बाई संसर्ग घेऊन येईल, अशी भीती शेजाऱ्यांना होती आणि घरच्यांनाही. सासू-सासरे वयस्क, घर दोन खोल्यांचं, वेगळं राहायला जागा नाही. सुरुवातीच्या काळात मास्क, हातमोजे, सॅनिटायझरचा पुरवठा अपुरा असल्याच्या तक्रारी राज्यभरातून येत होत्या. काहींनी पदर किंवा ओढणी तोंडाला बांधून काम केलं.

सरकारने काय दिलं?

काहीच दिलं नाही, असं म्हणणं चुकीचं ठरेल. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्राने कोविड योद्ध्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला आणि त्यात आशांचा समावेश होता. नंतर त्याची मुदत वाढवलीही गेली. पण हा विमा मृत्यूसाठी होता. आजारपणातला खर्च आणि बुडालेलं उत्पन्न त्यात धरलेलं नव्हतं. दाव्यासाठी मृत्यू कोविडमुळे झाला आणि संबंधित व्यक्ती कोविडच्या कामावर होती, हे कागदपत्रांनी सिद्ध करावं लागत होतं.

२२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने साथरोग कायद्यात बदल करून आरोग्यसेवकांवरील हल्ल्यासाठी कडक शिक्षा ठेवली गेली. साध्या हिंसेला तीन महिने ते पाच वर्षं, गंभीर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षं कैद अशी तरतूद झाली. गावात राहणाऱ्या बाईने गावातल्याच माणसाविरुद्ध तक्रार करणं किती सोपं होतं, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२० पासून आशांच्या मोबदल्यात दरमहा २,००० आणि गटप्रवर्तकांच्या ३,००० रुपयांची वाढ केली. ही वाढ मिळण्याआधी संघटनांना आंदोलनाचा इशारा द्यावा लागला होता.

संपाने काय साधलं?

ऑगस्ट २०२० मध्ये देशभरातल्या आशा, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहार कर्मचाऱ्यांनी दोन दिवसांचा संप केला. महाराष्ट्रात १५ जून २०२१ पासून आशा आणि गटप्रवर्तक बेमुदत संपावर गेल्या. दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. संप नऊ दिवसांनी मिटला. आशांना १ जुलै २०२१ पासून दरमहा १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. गटप्रवर्तकांना १,२०० रुपयांची वाढ आणि तेवढाच भत्ता ठरला.

मानसिक आरोग्याच्या दृष्टीनेही संपाकडे पाहता येतं. 'आपल्या हातात काही नाही' ही भावना असुरक्षिततेचा गाभा असेल, तर एकत्र येऊन मागणी करणं हा तिच्यावरचा एक उपाय ठरतो. एकटी आशा आरोग्य केंद्रात जाऊन मोबदला का थकला हे विचारायला कचरते. सत्तर हजार जणींची मागणी मात्र मंत्रालयाला ऐकावी लागते.

न्यायालयाने काय म्हटलं?

आशांचा नाही, पण अंगणवाडी सेविकांचा एक निकाल इथे महत्त्वाचा आहे. त्यांनाही 'मानधन' मिळतं आणि त्यांनाही वर्षानुवर्षं अर्धवेळ कार्यकर्त्या मानलं गेलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांची पदं ही सरकारी सेवेतली नागरी पदं नाहीत, असं म्हटलं होतं.

२५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यापुरतं पाहिलं तर अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि त्यांचं मानधन हे त्या कायद्यातलं वेतनच आहे, असं न्यायालयाने ठरवलं. त्यांचं काम अर्धवेळ आहे हा दावाही मान्य केला नाही. रकमेला 'मानधन' म्हटल्याने वेतनाचा हक्क संपत नाही, हा त्यातला बोध. हा निकाल आशांना आपोआप लागू होत नाही, पण त्यांच्या मागणीमागचा युक्तिवाद हाच आहे.

त्याआधी, २०१३ मध्ये ४५व्या भारतीय श्रम परिषदेनेही योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. साथ आली तेव्हा ती शिफारस सात वर्षं जुनी झाली होती.

आता स्थिती काय आहे?

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स' पुरस्कार दिला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप झाले. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने आशांच्या मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ केली. उत्पन्न साथीच्या काळापेक्षा नक्कीच सुधारलं आहे. दर्जा मात्र स्वयंसेविकेचाच आहे.

म्हणून पुढच्या साथीची तयारी म्हणताना ऑक्सिजन प्रकल्प आणि खाटांबरोबर काही साध्या गोष्टीही तपासायला हव्यात. आशा आजारी पडली तर त्या महिन्याचे पैसे तिला मिळतील का? मोबदला ठरलेल्या तारखेला जमा होईल का? कोणत्या कामाचे किती पैसे आले, हे तिला तिच्या भाषेत लिहून मिळेल का? धोक्याचं काम दिलं तर संरक्षक साहित्य आधी आणि आदेश नंतर, असं होईल का? गावात तिच्यावर कुणी धावून आलं तर तक्रार तिच्या वतीने आरोग्य खातं करेल का? यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदाही लागत नाही, शासन निर्णय पुरेसा आहे.